वगळणीचा नमुना

पहिल्या दिवशी मी मुलांना थुंकायला लावते.

वेळापत्रकात ‘गुन्हास्थळ तपास : प्रत्यक्ष कार्यशाळा’ असं झोकात छापलेलं असतं. त्यामुळे पोरं पहिल्या तासाला भिंगंबिंगं घेऊन येतात. एकजण तर भर एप्रिलात लांब कोट घालून आला होता. त्यांना वाटतं, दार उघडलं की समोर रक्ताचं थारोळं. आणि मी दारातच प्रत्येकाच्या हातात एक नळी ठेवते. हिच्यात थुंका, वर नाव लिहा, झाकण लावा, मगच आत पाऊल.

“मॅडम, आम्ही काय केलंय?” दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

“काही केलं नाहीस म्हणूनच. उद्या या खोलीत तुझा केस सापडला, तर तो तुझा आहे हे कळायला नको? तपास करणारा माणूससुद्धा खोलीत स्वतःचं काहीतरी सांडून येतो. आधी त्याला वगळायचं, मग उरलेल्यांत गुन्हेगार शोधायचा. याला म्हणतात वगळणीचा नमुना. ज्याने तो दिला नाही त्याने आत पाय ठेवायचा नाही. मग ते प्राचार्य का असेनात.”

हे भाषण मी चार वर्षं ठोकत आले. स्वतःची नळी मात्र कधी भरली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून शिकवते, मला काय गरज, असं माझं म्हणणं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी हेमलता खरात. नोकरीची सगळी वर्षं मी पोलिसांसाठी गुन्ह्याच्या जागेवरून ठसे, डाग आणि धूळ उचलली. आमच्या जिल्ह्यात हे काम करणारी मी पहिली बाई. निवृत्तीनंतर तालुक्याच्या कॉलेजाने बोलावलं. जुन्या कॅन्टीनच्या मागची खोली दिली, एक प्लास्टरची बाहुली दिली. पोरं तिला आत्याबाई म्हणतात. दर सोमवारी आत्याबाईचा खून होतो. रक्त म्हणून बिटाचा रस आणि खळ. दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागतात, आणि एखादा हुशार विद्यार्थी अहवालात मुंग्यांनाही संशयित धरतो.

यंदा मात्र आत्याबाईला सुट्टी मिळाली, कारण कॉलेजात धूलिका आली.

धूलिका म्हणजे यंत्र. हल्ली कंपन्यांना आपल्या डब्यांना संस्कृत नावं द्यायची खोड लागलीय. दिसायला शिलाई मशीनएवढं. त्याच्या पोटावर पिवळी पट्टी चिकटवलेली : ‘केवळ अध्यापनासाठी. यातील निष्कर्ष न्यायालयात ग्राह्य नाहीत.’ कोर्टात चालणारी मोठी धूलिका राज्यात दोनच, आणि त्यांच्यापुढे चार चार वर्षांची रांग. पण आतली विद्या दोन्हींची एकच.

ती मी मुलांना अशी समजावली. आपण बसल्या जागी कातडीचे बारीक कण सांडत असतो, तासाला लाखोंनी. कपाटावर बसते त्या धुळीतला बराच भाग घरातल्या माणसांचाच असतो. प्रत्येक कणात ज्याची त्याची ओळख लिहिलेली असते, डीएनएची. हे जुनंच ज्ञान झालं. अडचण अशी होती की कण ‘मी अमक्याचा’ एवढंच सांगायचा. ‘मी इथे कधी पडलो’ हे सांगायचा नाही.

धूलिका ते सांगते. कातडीच्या कणावर अंगच्या तेलाचा पातळसा लेप असतो. हवेत थोडा ओझोन असतोच, तो हे तेल हळूहळू खातो. उघड्यावर ठेवलेलं खोबरं खवट होतं ना, तसंच. तेल किती खवटलं हे मोजलं की कण किती तास हवेत होता ते कळतं. आणि खरी गंमत पुढे आहे. चिकटपट्टीने कण उचलून ती पट्टी हवाबंद केली की खवटणं थांबतं, घड्याळ तिथल्या तिथे बंद पडतं. पंधरा वर्षांनी पट्टी वाचली तरी यंत्र सांगतं, हा कण उचलण्याआधी दहा तास पडला होता आणि हा तासाभरापूर्वी.

“म्हणजे पट्टी उघडली की खेळ खलास?” निशिगंधाने विचारलं होतं.

“साध्या हवेत लगेच नाही. पण ट्रे निर्जंतुक करायची ओझोनची पेटी आहे ना ती, तिच्यात दहा मिनिटं ठेवलीस तर वर्षांचं खवटणं होईल. कण कुणाचा ते कळेल, कधीचा ते नाही. म्हणून पट्टी आणि पेटी एकमेकींपासून लांब ठेवायच्या.”

निशिगंधा कोळेकर ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. धनगर वस्तीवरून रोज बारा किलोमीटर स्कूटरवर येते, आणि प्रश्न विचारताना समोरच्याची भीड ठेवत नाही. राज्याच्या न्यायवैद्यक संस्थेसाठी मी तिला शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं होतं. इतक्या वर्षांत कुणीतरी आपल्या हाताखालून पुढे जाईल, याचा मला मनापासून आनंद होता.

धूलिकेला खरा माल लागतो, बिटाचा रस चालत नाही. निकाल लागलेल्या जुन्या खटल्यांच्या जादा पट्ट्या सरकार हल्ली कॉलेजांना शिकवायला देतं. नावं झाकलेली असतात. मृत ‘म’, आरोपी ‘अ’, तपासनीस ‘त’. यादीतला सात नंबर मी लगेच ओळखला आणि अंतिम परीक्षेसाठी तोच मागवला. कारण तो माझा होता. माझ्या नोकरीतला सगळ्यांत गाजलेला खटला, ज्याच्यामुळे मला बढती आणि पदक मिळालं. मुलांनी तो सोडवावा, यंत्राने मान डोलवावी, आणि मग मी हळूच सांगावं की ‘त’ म्हणजे मीच. असा माझा बेत होता. हौस म्हणतात ती ही.

खटला असा. शिराळ गावात सोजरबाई लोमटे नावाची विधवा म्हातारी आतल्या खोलीत मरून पडली होती. डोक्यात बत्ता घातलेला, ट्रंक उघडी. रात्री दोनच्या सुमारास मेली, असं शवविच्छेदनात निघालं. संशय शेजारच्या बिभीषण ताटेवर, कारण सांडपाण्याच्या मोरीवरून त्याचं तिच्याशी चार दिवसांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं. तो म्हणे, आरडाओरडा ऐकून सकाळी सगळ्यांबरोबर ओट्यावर चढलो, बाहेरूनच पाहिलं, आतल्या खोलीत पाय टाकला नाही. आणि नेमके आतल्या खोलीत, प्रेताशेजारी, मी उचललेल्या पट्ट्यांवर त्याच्या कातडीचे कण निघाले. त्याच्या चपला ओट्यावर सापडल्या. मी कोर्टात साक्ष दिली की, आवाज होऊ नये म्हणून चपला बाहेर काढून आरोपी अनवाणी आत शिरला असावा. न्यायाधीशांनी ते वाक्य निकालपत्रात उचलून घेतलं. जन्मठेप झाली.

पिंजऱ्यातून खाली उतरताना तो माझ्याकडे बघून म्हणाला होता, “बाई, म्या आत गेलो न्हाई वो. तुमी तरी सांगा.” खोट्या माणसांचं बोलणं मी पुष्कळ ऐकलं होतं, त्यातलंच एक म्हणून ते सोडून दिलं.

परीक्षेच्या आठवड्यात मुलांनी पाचपैकी चार पट्ट्या वाचल्या. निष्कर्ष मांडायला निशिगंधा फळ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, एक भलतंच निघालंय. अ चे कण आतल्या खोलीत आहेत, फाईलमध्ये लिहिलंय तसंच. पण ते उचलण्याआधी फार तर दीड तास पडलेत. पट्ट्या उचलल्या दुपारी साडेबाराला. म्हणजे हे कण अकराच्या आधीचे नाहीत. म तर रात्री दोनला गेली.”

“यंत्र नीट लावलंत का?”

“तीनदा लावलं. आणि दुसरं. अ चा कण एकटा कुठेच नाही. प्रत्येकाला एका बाईचा कण चिकटलाय. एकच बाई, सगळीकडे. ही बाई फाईलमध्ये कुठेच नाही.”

“साथीदार!” मागून फैजल ओरडला. वर्गात एकच कालवा झाला. पंधरा वर्षं लपून राहिलेली बाई आपण शोधली म्हणून पोरं हरखून गेली. कुणी म्हणालं बायको, कुणी म्हणालं मैत्रीण.

“अरे पण अकरा वाजता,” निशिगंधा फळ्याकडे बघतच म्हणाली. “पंचनामा सुरू झाला अकराला. दारावर पोलीस होते. अ आणि ती बाई पोलिसांच्या डोळ्यांदेखत आत गेली का?”

हसू पिकलं. ती हसली नाही. तिने फाईल चाळली.

“आत कोण कोण होतं? दोन पंच, दोघं पुरुष. दोन साहेब, एक हवालदार, पुरुष. आणि तपासनीस त. मॅडम, हे त पुरुष होते की बाई? यांचा वगळणीचा नमुना फाईलमध्ये का नाही?”

फॉर्म तेव्हाही होता. मी तो भरला नव्हता, कारण मी तपास करणारी, माझ्यावर कोण संशय घेणार?

“त्या काळी तसा नमुना घेत नसत,” मी म्हणाले. “चला, वेळ संपली. पाचवी पट्टी उद्या.”

मुलं गेली. मी खुर्चीत बसले आणि ती सकाळ मला लख्ख दिसली.

सोजरबाईचं घर तीन खोल्यांचं. मधल्या खोलीत देवघर, तिथे समई अजून तेवत होती. बुटांवर घालायची प्लास्टिकची आवरणं आमच्या पेटीत दोनच जोड उरली होती, ती दोन्ही साहेबांनी घातली. मी बूट काढले आणि अनवाणी आत गेले. देवघरावरून बूट घालून जायचं मनातही आलं नाही. आपल्याकडे मढं पडलेल्या घरातही माणूस चपला बाहेर काढतो. तेवढ्यात मागून हवालदाराने हाक दिली, मॅडम, गोठ्यात काहीतरी पडलंय. पोलिसांनी गावकऱ्यांना ओट्यावरून हाकललं होतं, त्यांच्या चपला तिथेच पडून होत्या. माझ्या बुटांना नाड्या. कोण बांधत बसतंय! पायाला लागली ती चप्पल अडकवून मी गोठ्यापर्यंत गेले. आपण घरी न्हाणीकडे किंवा अंगणात जाताना करतो तसं. टायरच्या तळाची, जाड, पुरुषी चप्पल होती, आतून घामातेलाने चिकट; अशा थरात दबलेल्या कणाला तो घासून मोकळा होईपर्यंत हवा लागत नाही. गोठ्यात काही नव्हतं, एक पोतं होतं. परत येऊन चप्पल सोडली, आतल्या खोलीत गेले आणि प्रेताशेजारी गुडघे टेकून बसले. पायाचे तळवे मागे, फरशीला घासत.

ती चप्पल बिभीषण ताटेची होती. दुपारी तीच आम्ही पुरावा म्हणून जप्त केली, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. अनवाणी आत शिरलेला माणूस त्या घरात एकच होता, आणि तो साक्षीदाराच्या जागी उभा राहून दुसऱ्याच्या अनवाणी पायांविषयी शहाणपण सांगून आला.

चार वाजले होते. बाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. पाचवी पट्टी टेबलावर होती, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून उचललेली. मला कळत होतं, तिच्यावर माझा पाय सापडणार. ओट्यावरून उंबरा, उंबऱ्यावरून प्रेत, अशी वाट तिच्यावरून सरळ दिसणार. आणि एवढंही कळत होतं की माझा नमुना कुणाकडेच नाही. ही एक पट्टी मुकी झाली तर ती वाट पुसली जाईल आणि फळ्यावरची ती बाई कायमची अनोळखी राहील.

मी पट्टीचा कोपरा नखाने उचलला. पट्टी सोलली, ओझोनच्या पेटीत ठेवली, बटण दाबलं आणि दहा मिनिटं पेटीसमोर उभी राहिले.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. पेटी उघडून पट्टी परत चिकटवताना तिच्या कडेचा नाव झाकणारा कागद सुटला आणि खाली माझी सही दिसली, ‘हे. खरात’, खाली ऐटीत मारलेली रेघ. आणि ‘तुमी तरी सांगा’ हे शब्द कानात आले. तेव्हा कुठे मला कळलं की नकळत तो किती बरोबर माणसाला सांगत होता. त्याचे कण आत नेणारे पाय माझेच होते, आणि ते सांगू शकणारीही मीच. मी तिथेच खाली बसून रडले. आणि रडून झाल्यावर ती पट्टी पाकिटात घालून जागच्या जागी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरल्यावर मी एक नळी घेतली, सगळ्यांसमोर तीत थुंकले आणि वर माझं नाव लिहिलं.

“एक नमुना राहिला होता,” मी निशिगंधाला म्हणाले. “लाव.”

चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी त्यांना सगळं सांगितलं. देवघर, नाड्यांचे बूट, चप्पल, गोठा. फैजलने तोंडावर हात ठेवला. यंत्राने हिरवी रेघ दाखवली. अनोळखी बाई आणि हेमलता खरात, एकच.

मला वाटलं होतं, पोरं निदान म्हणतील की मॅडमनी धाडस केलं. खोटं कशाला बोलू, मी ती दाद मनात धरूनच उभी होते.

“तो माणूस कुठे आहे आता?” निशिगंधाने विचारलं.

“तुरुंगात. चौदा वर्षं होऊन गेली.”

तिने वळून पाचवी पट्टी यंत्रात घातली. आकडे आले तसा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने पेटीची नोंद उघडली, पुन्हा आकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“या पट्टीवर तुम्ही आहात. अ आहे. आणि तिसरा एक माणूस आहे, पुरुष, फाईलमध्ये नसलेला. त्याचे कण पुष्कळ आहेत. पण सगळ्यांची घड्याळं गेलीत. सगळे कण सारखेच खवट.” तिचा आवाज बारीक झाला. “तो रात्री दोनला आलेला असेल. नाहीतर दिवाळीला आलेला कुणी नातलग असेल. आता कधीच कळणार नाही. मॅडम, पेटी काल चार वाजून अकरा मिनिटांनी चालू झाली होती. काल चारला इथे कोण होतं?”

“मी होते,” मी म्हणाले.

निशिगंधाने पिशवीतून माझं शिफारसपत्र काढलं. सकाळीच मी तिला दिलं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं.

“हे नको मला,” ती म्हणाली. “तुमच्या सहीचं नको.”

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण पुढच्या पंधरवड्यात कॉलेजला दर्जा द्यायला समिती येणार होती. त्यांनी धूलिकेवरच्या पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

“खरातबाई, हे प्रात्यक्षिक आहे. प्रात्यक्षिकात कुणी निर्दोष सुटत नसतं.”

मी त्यांना न विचारता मोफत कायदा सल्ला केंद्रातल्या वकिलाकडे गेले. तरुण मुलगा होता, तळमळीचा. त्याने सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“चार पट्ट्या मोठ्या धूलिकेवर पुन्हा वाचून घेऊ, रांगेत नंबर लावू. पण सरकारी वकील पहिलाच प्रश्न विचारेल, पाचवी कुणी उघडली? जिने एक पट्टी बिघडवली, तिनेच बाकीच्या चार बिघडवल्या नसतील कशावरून? मॅडम, पाचही शाबूत असत्या तर मी उद्याच अर्ज केला असता. तो तिसरा माणूस रात्री दोनचा निघाला असता, तर ताटे सुटलाच असता.”

“आणि आता?”

“आता चार-पाच वर्षं. तीही नशीब असलं तर.”

ती दहा मिनिटं माझ्या जन्माला पुरणार आहेत.

शिराळला मी बसने जाणार होते. स्टँडवर निशिगंधा स्कूटर घेऊन उभी होती. “बसा,” एवढंच म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. ती माझ्यासाठी आली नव्हती, हे मला समजत होतं. मी खरंच जाते की नाही, ते बघायला आली होती.

ताट्यांचं घर गावाच्या कडेला. ओट्यावर शेवयांचं यंत्र, वळणीवर शेवया वाळत घातलेल्या. दाराशी एक पुरुषी चप्पल व्यवस्थित जोडून ठेवलेली होती, टायरच्या तळाची, तेल लावून चकचकीत केलेली. मी ती ओळखली. माझे सॅंडल तिच्या शेजारी काढून मी आत गेले. निशिगंधा खालीच थांबली.

मुद्रिका, बिभीषणची बायको, पन्नाशीच्या आतबाहेरची, हाताला पीठ. मला तिने बघताक्षणी ओळखलं.

“तुमी साक्ष दिलेल्या बाई न्हवं?” ती म्हणाली. “बसा.”

मी बसले आणि सांगितलं. काही लपवलं नाही, पेटीचंही नाही. ती हाताचं पीठ बोटाबोटाने काढत राहिली.

“चप्पल,” शेवटी ती म्हणाली. “माज्या सासूनं जीव सोडला तवा ती हेच बडबडत हुती. लेक म्हनतुया आत गेला न्हाई, मग आत गेलं कोन? आन तुमी गेला हुता. त्येंची चप्पल घालून.”

“हो.”

“ती चप्पल कोर्टानं परत दिली. दर आठवड्याला तेल लावते. कातडं वाळू नये म्हनून. आल्यावर घालतील.”

“मुद्रिकाबाई, मी कोर्टात उभी राहीन. पेपरात देईन. जिथे म्हणाल तिथे सांगेन की ते निर्दोष आहेत.”

तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि फडताळातून एका कागदाची नक्कल काढून माझ्यापुढे धरली. तुरुंगाचा शिक्का होता. चौदा वर्षं पुरी झालेल्या कैद्यांच्या सुटकेचं मंडळ, आणि त्या मंडळाने नव्याने मागायला सुरुवात केलेलं पश्चात्तापपत्र. ‘सोजरबाई लोमटे यांचा खून मी केला. मला त्याचा पश्चात्ताप होतो.’ खाली बिभीषण ताटेची सही, अक्षर लहान मुलासारखं.

“दोनदा ह्यो कागद आला, दोनदा त्येंनी कोरा परत धाडला. म्हनले, मरंन पन न केलेलं लिवनार न्हाई. तिसऱ्यांदा मीच भेटीला गेले. पाया पडले त्येंच्या. म्हनलं, लिवा. मला एकटीनं आता होत न्हाई.” तिचा आवाज हलला नाही. “मागच्या मंगळवारी सही केली. सही करताना रडले म्हनं. म्हैन्याभरात सोडत्यात.”

मागच्या मंगळवारी. मुलांनी यंत्राला पहिली पट्टी लावली त्याच्या आदल्या दिवशी.

“बाई, तुमचं खरं निघायला किती दिस लागतील?”

“वकील म्हणतो, चार-पाच वर्षं.”

“आन मधल्या दिसांत मंडळ काय म्हनंल? ह्यो मानूस एका तोंडानं म्हनतो केलं, दुसऱ्या तोंडानं म्हनतो न्हाई केलं. सोडतील का त्येला?”

मी नकारार्थी मान हलवली. मंडळ मला माहीत होतं. पुन्हा चौकशी लागली असती आणि अर्ज बाजूला पडला असता.

“मग गप बसा,” ती म्हणाली.

“पण ते खुनी म्हणून बाहेर येतील. गाव त्यांना—”

“गाव पंधरा वर्षं तेच म्हनतंय. येऊ द्या खुनी म्हनून. पन येऊ द्या. तवा बोलायचं हुतं, बाई. तवा तुमी पदक घ्यायला गेला हुता, पेपरात फोटू बघितला म्या. आता तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून माजा नवरा आनखी पाच वर्सं आत ठिवू का?”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, पीठ फेकून मारेल. त्याची मी तयारी करून आले होते. क्षमा तिने केली नाही आणि शिक्षाही केली नाही. वरातीमागून घोडं आणून दाराशी बांधावं, आणि घरच्यांनी म्हणावं, न्या परत.

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काही उरलंच नव्हतं.

मी बाहेर आले. खाली निशिगंधा स्कूटरला टेकून उभी होती. उघड्या दारातून तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिचे डोळे लाल होते. माझं डोकं सुन्न झालं होतं. कधी एकदा त्या ओट्यावरून उतरते असं झालं होतं, आणि पायांना दिसली ती चप्पल अडकवायची जुनी सवय. उजवा पाय जवळच्या चपलेकडे गेला. तेल लावलेल्या कातड्याला माझा अंगठा लागला.

मुद्रिका चटकन वाकली. माझ्या पायाखालून ती जोडी तिने ओढून घेतली, पदराने पुसली आणि छातीशी धरली.

“ह्या न्हाई, बाई,” ती म्हणाली. “तुमच्या तुमी घाला.”